सेंट्रल जर्सीतला थेरपी डॉगचा क्लास: साडेतीन स्टार

साडेतीन स्टार. त्यातले तीन ट्रेनर बाईंचे, अर्धा मागच्या कुंपण घातलेल्या गवताचा जिथे क्लासच्या आधी कुत्र्यांना मोकळं सोडता येतं, आणि जो दीड कापलाय तो सरळ जाहिरातीचा. क्लासचं नाव लिहीत नाहीये. बाई खरंच चांगल्या आहेत, आणि न्यू जर्सीत असे क्लास ढिगाने आहेत, जाहिराती थोड्याफार फरकाने सगळ्यांच्या सारख्याच, त्यामुळे पुढचं जे काही लिहितेय ते कुठल्याही क्लासला पैसे भरायच्या आधी वाचलं तरी चालेल.

आमचा बंड्या म्हणजे लॅब (लॅब्राडोर) आणि अजून कशाकशाचं मिश्रण. अमेरिकेच्या साउथमधल्या कुठल्यातरी शेल्टरमधून गाडीत घालून इकडे आणलेल्या पिल्लांपैकी एक, आता चांगला घोडा झालाय. माणूस दिसला की हा खूश. घरी कोणी आलं की शेपटीने टीपॉयवरचे कप पाडायचे आणि मग पाहुण्याच्या पावलावर बूड टेकून बसायचं, हा त्याचा ठरलेला कार्यक्रम. जो येईल तो म्हणायचा, अगं याला थेरपी डॉग करा, हॉस्पिटलमध्ये न्या, म्हाताऱ्या लोकांना किती बरं वाटेल. शोधायला गेलं तर पहिलीच जाहिरात या क्लासची. सहा आठवड्यात थेरपी डॉग सर्टिफिकेशन, आठवड्याला एक तास, दोनशे चाळीस डॉलर, बॅचमध्ये आठ कुत्रे.

तर गंमत अशी की सहा आठवड्यांनी जे मिळतं ते थेरपी डॉगचं सर्टिफिकेट नसतंच. शेवटच्या तासाला जी परीक्षा होते ती सीजीसी, म्हणजे कॅनाइन गुड सिटिझन. ही अमेरिकन केनेल क्लबची, १९८९ पासून चालू आहे, दहा छोट्या टेस्ट असतात, आणि ती पास झाल्यावर सिद्ध काय होतं तर तुमचा कुत्रा चारचौघांत नीट वागतो. बस. चांगली परीक्षा आहे, कुठल्याही घरच्या कुत्र्याने द्यावी, जातिवंत असायची अट नाही, आमच्यासारखे खिचडी कुत्रेही चालतात. पण हॉस्पिटलवाले तेवढ्यावर तुम्हाला आत घेत नाहीत. आणि केनेल क्लब स्वतः थेरपी डॉग सर्टिफाय करतच नाही, हे त्यांनीच स्पष्ट सांगितलंय. त्यांच्याकडे थेरपी डॉगची टायटल आहेत, पण ती नंतरची. कुत्रा आधी दुसऱ्या मान्यताप्राप्त संस्थेत रजिस्टर झालेला हवा आणि हॉस्पिटलसारख्या ठिकाणी लोकांच्या भेटी करून झालेल्या हव्यात, १० भेटी झाल्या की पहिलं टायटल, मग ५०, १००, २००, ४०० असं वर वर जायचं. म्हणजे तो मान आहे, लायसन्स नाही.

हे सगळं बाईंनी पहिल्याच तासाला स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. पण तेव्हा पैसे भरून झालेले असतात ना! वेबसाइटवर एक ओळ लिहायला काय जातं. मी नंतर ऑफिसला ईमेल करून विचारलं तर उत्तर आलं की सर्टिफिकेशनच्या 'दिशेने' तयारी असा अर्थ आहे. असो. दीड स्टार तिथे गेला.

मग खरं सर्टिफिकेशन कुठे होतं? तर अमेरिकेत यासाठी सरकारी असं काहीच नाही. संस्था आहेत, त्या तुमची आणि कुत्र्याची जोडी तपासतात आणि व्हॉलंटियर म्हणून रजिस्टर करतात. सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक पेट पार्टनर्स, १९७७ साली ओरेगनमध्ये सुरू झाली, बरीच वर्षं डेल्टा सोसायटी या नावाने ओळखली जायची. दुसरी अलायन्स ऑफ थेरपी डॉग्स, वायोमिंगची. आणि थेरपी डॉग्स इंटरनॅशनल तर आपल्या जर्सीतलीच, १९७६ साली एलेन स्मिथ नावाच्या नर्सने सुरू केलेली, अमेरिकेत हे काम रीतसर करायला लागलेल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी. या संस्थांमध्ये रजिस्टर होण्यातली खरी मेख म्हणजे इन्शुरन्स. उद्या तुमच्या कुत्र्याच्या पट्ट्यात अडकून एखादी आजी पडली तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न हॉस्पिटलला पडलेला असतो, आणि रजिस्टर जोडीला संस्थेकडून लायबिलिटी कव्हर मिळतं. सीजीसीच्या रिबिनीबरोबर तसलं काही येत नाही. म्हणून व्हॉलंटियर ऑफिसमध्ये फोन केला की पहिला प्रश्न 'कुठल्या संस्थेत आहात' हाच येतो, कुत्रा किती हुशार आहे ते कोणी विचारत नाही.

आणि हो, ऑनलाइन काही साइट आहेत जिथे कुत्र्याचा फोटो टाकला, पैसे भरले की घरपोच सर्टिफिकेट, ओळखपत्र आणि लाल जॅकेट येतं. कुत्रा न बघता! ते कागद निव्वळ रद्दी आहेत, कुठलंही हॉस्पिटल विचारत नाही. आमच्या ओळखीतल्या एका दादांनी ते जॅकेट घेतलं आणि कुत्र्याला घेऊन इंडियन ग्रोसरीत गेले, तिथे मालकाशी जुंपली. तर पुन्हा एकदा, कारण मराठी ग्रुपवर हे रोज कोणीतरी विचारतं: सर्व्हिस डॉग वेगळा, थेरपी डॉग वेगळा. सर्व्हिस डॉग हा अपंगत्व असलेल्या माणसासाठी ठरावीक काम शिकलेला असतो, त्याला कायद्याने दुकानात, हॉटेलात जाता येतं. थेरपी डॉग दुसऱ्यांना भेटायला जातो, जिथे बोलावलंय तिथेच आणि बोलावलंय तेव्हाच. त्याला विमानात, दुकानात, कुठेही कसलाही हक्क नाही. तिसरा प्रकार इमोशनल सपोर्टवाला, त्यालाही सर्व्हिस डॉगसारखं विमानात घ्यायची सक्ती आता उरलेली नाही, तो नियम २०२१ च्या जानेवारीपासून बदललाय. त्यामुळे बंड्याला सर्टिफिकेट मिळालं की तो आपल्याबरोबर फुकट मुंबईला येईल असं जे आमच्या घरातल्या एका व्यक्तीला (वय वर्षं अकरा) वाटत होतं ते विसरा.

आता क्लासबद्दल. पहिले दोन तास बेसिक, बस, झोप, थांब, पट्टा न ओढता चाल. ज्यांचा कुत्रा आधी पपी क्लासला जाऊन आलाय त्यांना कंटाळा येतो, बाजूला बसून फोन बघत होते लोक. तिसऱ्या तासापासून मजा येते. पट्टा ओढणं हा बंड्याचा जन्मसिद्ध हक्क होता. बाईंनी सांगितलं की त्याने ओढलं की तुम्ही झाडासारखं थांबायचं, एक पाऊल पुढे नाही, पट्टा सैल पडला की निघायचं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या मेलबॉक्सपर्यंत पोचायला एवढा वेळ लागायचा की शेजारीण काळजीने विचारून गेली, बरं नाहीये का. पण लागली सवय. 'सोड' म्हणजे लीव्ह इट, हे मात्र जीव तोडून करून घ्या, कारण हॉस्पिटलच्या जमिनीवर काय पडलेलं असेल सांगता येत नाही, एखादी गोळी कॉटखाली गेलेली असते आणि लॅबच्या पोटात ती जायला अर्धा सेकंद पुरतो. बाईंनी यासाठी जमिनीवर बिस्किटं, चिकनचे तुकडे, टिश्यू पेपर, एक जुना मोजा असं सगळं पसरून त्यातून कुत्र्यांना चालवलं. बंड्याने चिकन सोडलं आणि मोजा उचलला. सगळा क्लास हसला.

क्लासबद्दल एक खरी तक्रार, ट्रीटची. पाच आठवडे सगळं ट्रीटवर चालतं, कमरेला पाउच लावून प्रत्येक गोष्टीला एक तुकडा. आणि परीक्षेत ट्रीट चालत नाही! हातात नाही, खिशात नाही, फक्त शाबासकी आणि पाठीवर थाप. बऱ्याच कुत्र्यांचा शेवटच्या तासाला चेहराच पडला, बाबा पगार बंद झाला की काय. ट्रीट कमी करत जायचं हे तिसऱ्या आठवड्यापासून शिकवायला हवं. तुम्ही घरी स्वतःच सुरू करा, तीनदा ऐकलं की एकदा द्यायची, मग पाचदा ऐकलं की एकदा, आणि मधे नुसतं भरपूर कौतुक. आमच्याकडे 'शहाणा कोण रे, बंड्या शहाणा' हे एवढ्या वेळा म्हटलं गेलं की आता शहाणा म्हटलं की तो शेपूट हलवतो, मग ते कोणालाही म्हटलेलं असो.

पण ज्यासाठी तीन स्टार दिले ते सांगते. चौथ्या तासाला बाईंनी त्यांच्या नवऱ्याला बोलावलं होतं. उंच माणूस, जाड ओव्हरकोट, टोपी कपाळापर्यंत ओढलेली, हातात काठी, आणि तो दारातून लडखडत, मोठमोठ्याने स्वतःशी बोलत आत आला. आमचा नंबर तिसरा. तो माणूस जवळ यायला लागला तसं बंड्याने ओठांवरून एकदा जीभ फिरवली. भुंकला नाही, मागे सरला नाही, शेपूटही हलतच होती, मला तर वाटलं की छान चाललंय. बाई तिथूनच म्हणाल्या, 'वळा, घेऊन जा त्याला, आत्ता.' मी वळले. बंड्याने लांब गेल्यावर आंघोळ झाल्यासारखं सगळं अंग झाडलं, कोरडाच होता तरी. मग बाईंनी सगळ्यांना थांबवून समजावलं. जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, तोंड बाजूला वळवणं पण डोळे त्याच गोष्टीवर ठेवणं ज्यात डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, अंग झाडणं, एकदम जमीन हुंगायला लागणं, ही सगळी कुत्र्याची 'मला हे जड जातंय' म्हणायची पद्धत. शेपूट हलतेय म्हणजे खूश असं नसतं, नुसती टोकाला ताठ हलणारी शेपूट वेगळी आणि अख्ख्या कंबरेसकट हलणारी वेगळी. आणि गुरगुरणं ही शेवटची पायरी आहे, तिथपर्यंत त्याला जाऊच द्यायचं नाही, ते तुमचं काम.

त्या दिवसानंतर मी बंड्याकडे बघायलाच वेगळं शिकले असं म्हणेन. संध्याकाळी मुलाचे मित्र याच्या गळ्यात पडायचे तेव्हा हा जांभया द्यायचा आणि आम्ही म्हणायचो बघा दमला बिचारा. दमला वगैरे काही नव्हता. आता मुलांना नियम आहे, गळ्यात हात टाकायचा नाही, छातीवर नाहीतर खांद्यावर हात फिरवायचा, तीन सेकंदांनी थांबायचं आणि बघायचं तो अजून मागतोय का. मागायला तो डोकं हाताखाली घुसवतो, कळतंच.

बाईंच्या प्रामाणिकपणाचं अजून एक. आमच्या बॅचमध्ये एक जर्मन शेफर्ड होती, क्लासमधली स्कॉलर. एकदा सांगितलं की बसली, कितीही वेळ थांबेल, दुसऱ्या कुत्र्याकडे ढुंकून बघणार नाही, मालक काका अभिमानाने फुललेले. पण अनोळखी माणसाने हात पुढे केला की ती बसल्या जागी दगड व्हायची, अंग आखडून नुसती सहन करायची. पाचव्या तासानंतर बाईंनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की सीजीसी ही आरामात पास होईल पण थेरपीला नेऊ नका, तिला ते आवडत नाही, ती फक्त तुमचं ऐकतेय. काका हिरमुसले. दोनशे चाळीस डॉलर घेणाऱ्या क्लासने हे सांगायला धमक लागते, पुढचा ॲडव्हान्स कोर्स विकता आला असता की. आणि उलट त्याच बॅचमधली एक म्हातारी, तीन पायांची बीगल, 'थांब' म्हटलं की हमखास उठणारी, तिच्याबद्दल बाई म्हणाल्या की हिला थोडी शिस्त लावा, बाकी ही जन्मजातच तयार आहे. थांबणं शिकवता येतं, अनोळखी माणसाची आवड शिकवता येत नाही, हे बाईंचं वाक्य, आणि मला विचाराल तर सहा आठवड्यांतलं सगळ्यात कामाचं.

क्लासमध्ये काय नाही तेही लिहिते. व्हीलचेअर एकच, तीही मोडकी, वॉकर नाही, आयव्हीचा स्टँड नाही. जमीन सगळी रबरी मॅटची. हॉस्पिटलात असते गुळगुळीत चकचकीत फरशी, तिथे कुत्र्याचे पाय चारी दिशांना जातात आणि तो घाबरून बसतो, मग काही केल्या उठत नाही. लिफ्टचा सराव नाही. यासाठी आपलंच आपण करायचं. नखं नियमित कापा, लांब नखांचा कुत्रा फरशीवर जास्त घसरतो आणि म्हाताऱ्या माणसाची त्वचा इतकी पातळ असते की नख नुसतं लागलं तरी सोलवटते. कुत्रे चालतात अशा हार्डवेअरच्या दुकानांत आम्ही जायचो, कारण तिथे सिमेंटची जमीन, ढकलगाड्या, फळ्या पडल्याचे आवाज, लोकांची ये-जा हे सगळं फुकटात मिळतं. फक्त आधी विचारून जा, प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं.

घरी आमचं खरं ट्रेनिंग सेंटर म्हणजे सासूबाई. आई सहा महिन्यांसाठी मिरजेहून आल्यात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे वॉकर आहेच. आल्या त्या दिवशी म्हणाल्या, 'अगं, पोराला शाळेत घालतात, कुत्र्याला कसली परीक्षा?' आणि देवघराच्या उंबऱ्याच्या आत हा आला तर मी घरी परत जाईन असंही सांगून टाकलं. पण वॉकरचा खडखडाट, चालताना मधेच थांबणं, धपकन खुर्चीत बसणं, हातातून भांडं पडणं, यातलं काही वेगळं ठरवून करावं लागलं नाही. पेट पार्टनर्सच्या तपासणीत जवळपास कोणीतरी रागाने ओरडतं आणि कुत्रा कसा सावरतो ते बघतात, तर आई मिरजेला व्हॉट्सॲप कॉलवर ज्या आवाजात बोलतात ते ऐकून बंड्याला आता कशाचंच काही वाटत नाही. सुरुवातीला आम्ही त्याला लांबच्या कोपऱ्यात चटईवर बसवायचो, वॉकर दिसला की ट्रीट, मग रोज जरा जरा जवळ. घाई नाही. आता आई खुर्चीत बसल्या की तो बाजूला येऊन उभा राहतो आणि त्या म्हणतात, 'आला बघ परीक्षार्थी.' हात लावतात, मग लगेच उठून हात धुतात, जे खरं तर हॉस्पिटलच्या नियमाला धरूनच आहे, तिथेही प्रत्येकाने हात लावायच्या आधी आणि नंतर सॅनिटायझर लावायचं असतं.

गणपतीतल्या आरतीचं मात्र कोणी अनुकरण करू नका. झांजा आणि टाळ्या आणि चाळीस माणसं एका बेसमेंटमध्ये, याला सराव म्हणत नाहीत. आम्ही बंड्याला आरतीच्या वेळी वरच्या खोलीत पंखा लावून ठेवलं आणि आरती झाल्यावर प्रसादाच्या वेळी पट्ट्याला धरून खाली आणलं, एका वेळी दोघा-तिघांना भेटवलं, जीभ फिरवायला लागला की परत वर. ग्रुपवर एकीने लिहिलं होतं की आम्ही ढोलताशाच्या सरावाला कुत्रा नेतो म्हणजे भीड चेपते. अजिबात नका नेऊ. आवाजाची भीती अशी चेपत नाही, पक्की होते.

सीजीसीची परीक्षा. दहा टेस्ट, सगळं मिळून फार वेळ लागत नाही. अनोळखी माणूस येऊन तुमच्याशी हात मिळवतो, कुत्र्याने मधे घुसायचं नाही. मग तो कुत्र्याला थोपटतो, कंगवा फिरवतो, कान बघतो, पुढचे पाय एकेक उचलून बघतो. सैल पट्ट्याने चालणं, गर्दीतून चालणं, बसणं-झोपणं आणि २० फुटी दोरी लावून थांबणं, १० फुटांवरून हाक मारल्यावर येणं. दुसरा मालक आणि दुसरा कुत्रा समोरून येतात, आपण हाय-हॅलो करायचं आणि कुत्र्यांनी एकमेकांत फार रस घ्यायचा नाही. काहीतरी धाडकन पडतं, दचकला तर चालतं, पळून गेला किंवा भुंकत सुटला तर नाही. आणि शेवटची, ज्याची सगळ्यांना धास्ती: तुम्ही पट्टा परीक्षकाच्या हातात द्यायचा आणि ३ मिनिटं नजरेआड जायचं. कुत्र्याने सतत रडायचं, भुंकायचं, येरझाऱ्या घालायच्या नाहीत. मी दाराबाहेर उभी, आतून आवाज येतोय का म्हणून कान लावलेला, बाजूला बीगलची मालकीण मनातल्या मनात आकडे मोजतेय. बंड्या एकदा कुईं झाला आणि मग, बाईंनी नंतर सांगितलं, परीक्षकाच्या बुटावर बूड टेकून बसला. पास. ती पाहुण्यांवर वापरायची खोड शेवटी कामाला आली. परीक्षा चालू असताना शी-शू केली तर नापास, फक्त ही ३ मिनिटांची टेस्ट बाहेर चालू असेल तर माफ आहे, म्हणून आधी गवतावर फिरवून आणा, तो अर्धा स्टार उगाच नाही दिलेला. गुरगुरला किंवा कोणावर धावून गेला तर मात्र तिथल्या तिथे बाहेर.

पुढे आम्ही पेट पार्टनर्सचं धरलंय. त्यांना सीजीसी लागत नाही, हेही क्लासच्या जाहिरातीत कोणी सांगणार नाही. त्यांचा आधी माणसाचा कोर्स असतो, ऑनलाइन करता येतो, आणि तो मला क्लासपेक्षा जास्त आवडला, कारण त्यात कुत्र्याला काय शिकवायचं यापेक्षा तुम्ही कसं वागायचं हेच भरलेलं आहे. पेशंटला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही, नको म्हणाला तर हसून निघायचं, कोणाचं नाव-आजार बाहेर बोलायचं नाही, फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही (हे आपल्या लोकांना सगळ्यात जड जाईल!), एका दिवसात २ तासांपेक्षा जास्त भेट नाही, पट्टा कायम तुमच्याच हातात. कुत्रा किमान एक वर्षाचा हवा आणि निदान सहा महिने तुमच्या घरी राहिलेला हवा. कच्चं मांस खाणारा चालत नाही, कारण त्यातून जंतू कमजोर पेशंटपर्यंत जाऊ शकतात. हल्ली कच्च्या डाएटचं जे फॅड आलंय त्यांनी हे आधी बघा. काट्यांचा पट्टा, शॉकवाला पट्टा घालून नेता येत नाही. मग तपासणी, जिच्यात कुत्र्याला धसमुसळेपणाने थोपटतात, मिठी मारतात, चौघंपाचजण एकदम घोळका करतात, मागून धक्का लागतो, आणि या सगळ्यात परीक्षकाची नजर जेवढी कुत्र्यावर तेवढीच तुमच्यावर. तुम्ही त्याच्याशी बोलताय का, त्याला त्रास होतोय हे तुम्हाला दिसलं का, तुम्ही मधे पडलात का. निकालही नुसता पास-नापास नसतो, शांत ठरावीक ठिकाणी जायला योग्य की गडबडीच्या ठिकाणीही चालेल अशी पायरी मिळते. आणि रजिस्ट्रेशन २ वर्षांचं, मग परत तपासणी, कारण कुत्रं म्हातारं होतं, त्याचे गुडघे दुखायला लागतात, स्वभाव बदलतो.

अलायन्सची पद्धत वेगळी, आधी हाताळण्याची टेस्ट आणि मग त्यांच्या माणसाबरोबर ३ भेटी प्रत्यक्ष. ज्याला परीक्षेची भीती आणि प्रत्यक्ष कामात बरं वाटतं त्याने तिकडे जावं. आमच्या बॅचमधली बीगल तिकडे गेली आणि तिच्या मालकिणीचा मेसेज आला की एका आजोबांनी अर्धा तास कुत्रीला त्यांच्या आर्मीच्या गोष्टी सांगितल्या, ही झोपली तरी थांबले नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर क्लास हा त्यातला लहान भाग आहे. व्हेटची तपासणी, रेबीजची लस, शीची टेस्ट, प्रत्येक भेटीच्या आधी आंघोळ. लॅबला वारंवार साबण लागला की कातडी कोरडी पडते, तेव्हा साधा सौम्य डॉग शाम्पू घ्या, वासाचा तर मुळीच नको, केमो चालू असलेल्या पेशंटला वासाने मळमळतं. काही हॉस्पिटलं तुमचीही टीबी टेस्ट आणि फ्लूची लस मागतात. हॉस्पिटल झेपत नसेल तर लायब्ररी बघा, तिथे मुलं कुत्र्याला पुस्तक वाचून दाखवतात, सॉल्ट लेक सिटीत १९९९ मध्ये रीड नावाने सुरू झालेला कार्यक्रम, आता बऱ्याच गावांत तसं काही ना काही चालतं. वाचताना अडखळणाऱ्या पोराला कुत्रा चुका काढत नाही, आणि बंड्यासारख्या आळशाला तासभर पसरून पडायचं काम यापेक्षा चांगलं मिळणार नाही. आमचा डोळा तिकडेच आहे.

पुण्याहून माझ्या बहिणीने विचारलं म्हणून, भारतातही हे होतं. ॲनिमल एंजल्स फाउंडेशन मुंबई-पुण्याकडे बरीच वर्षं हे काम करतेय, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मीनल कविश्वर यांनी सुरू केलेली संस्था. इथली सीजीसी आणि तिथलं काम यांचा संबंध लावू नका, सरळ त्यांनाच विचारा.

तर हा क्लास कोणी घ्यावा? ज्यांचा कुत्रा माणसांवर जीव टाकतो पण पट्ट्यावर रणगाडा आहे, त्यांनी नक्की. ज्यांचा कुत्रा आधीच शिस्तीचा आहे त्यांनी सहा तासांचे पैसे भरण्याआधी विचारा की फक्त परीक्षेला बसता येतं का, बऱ्याच ठिकाणी येतं आणि खूप स्वस्तात. ज्यांचा कुत्रा लाजरा आहे आणि तुम्हाला वाटतंय की थेरपीने तो धीट होईल, त्यांनी कृपा करून नको. फोनवर तीन गोष्टी विचारा: शेवटी कुठली परीक्षा आहे, ती घेणाऱ्याला कोणाची मान्यता आहे, आणि क्लासमध्ये वॉकर-व्हीलचेअर आहे का. उत्तरात 'सर्टिफाइड' हा शब्द जास्त वेळा आला तर दुसरा क्लास बघा.

शनिवारची बॅच घेऊ नका, शेजारी कराटेचा क्लास सुटतो आणि पार्किंगला जागा नसते. बुधवारी संध्याकाळची घ्या, कुत्रे कमी असतात आणि बाई तास संपल्यावरही उभ्या राहून बोलतात.